मिठाच्या कणाचा सहावा हिस्सा

निपाणी
१४ जुलै २०२४

चि. पारूस,

गुणाआत्याचा जय भीम.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. तू म्हणशील, म्हातारी विसरली. विसरले नाही. माझ्या उजव्या कानाने कधीच राजीनामा दिलेला, आता डावाही सुट्टीवर गेलाय. माझा बुद्धप्रिय फोन लावून देतो, तू तिकडून बेळगावच्या गप्पा सांगतेस आणि मला नुसतं कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखं ऐकू येतं. त्यापेक्षा पत्र बरं. पन्नाशीत साक्षरतेच्या वर्गात बसून अक्षरं गिरवली ती कुठे तरी कामाला यायला नकोत का?

घरी सगळी बरी आहेत. आमची पूर्णिमा दोन महिन्यांची होत आली. बुद्धपौर्णिमेला जन्मली म्हणून नाव शोधायला लागलंच नाही. तिची आई, माझी सून, पंधरवड्यात शाळेत शिकवायला परत रुजू होणार. मग दिवसभर बाळ माझ्याकडे. प्रियदर्शनीने तोंडाने काही म्हटलं नाही, पण मुलगी माझ्या मांडीवर ठेवून ती निवांत आंघोळीला जाते, यात काय ते आलं.

सौरव नऊ वर्षांचा झाला. त्याच्या साखरेला आता तीन वर्षं झाली. दिवसाला चार सुया. दुपारची मी देते. पेनाचा आकडा फिरवायचा, तीन वेळा बघायचा, मग टोचायचं. तो रडत नाही. उलट मलाच म्हणतो, “आजी, डोळं मिटू नगंस, मला भ्या वाटतंय.”

पारू, एक विचारायचं आहे म्हणून हे पत्र. घरात कुणाला विचारलं तर विषय निघतो आणि प्रियाचा चेहरा उतरतो. सौरव सहा वर्षांचा असताना एकाएकी पाणीच पाणी मागायला लागला, अंथरूण ओलं करायला लागला, आणि पंधरा दिवसांत पोर बेशुद्ध. ते मी विसरत नाही. आता ही पाळण्यात झोपते आणि मी तिच्याकडे बघत बसते. हिलाही होईल का गं? तू रक्त तपासायच्या खोलीत दहा वर्षं काम करतेस. होऊ नये म्हणून जगात कुणी काही शोधलंय का, तेवढं मला सांग. नसेल तर नाही म्हण.

तुझ्या लग्नाचं विचारत नाही. बघ, किती सुधारले.

तुझी,
गुणाआत्या

*

वडगाव, बेळगाव
२० जुलै २०२४

ती. आत्यास,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खाली घरमालकांचे माग चालू आहेत, टेबल हादरतंय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आधी सरळ उत्तर देते. सौरवची साखर लहानपणची आहे, तुमच्या शेजारच्या मामांसारखी वयाची नाही. आपलंच शरीर आपल्या इन्सुलिनच्या पेशींवर उलटतं. भावाला असली तर बहिणीला होण्याची शक्यता शंभरात पाच-सहा. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याण्णव बहिणींना होत नाही. हे आधी पदरात बांधून ठेव.

आणि आता जे सांगते ते वाचून मी स्वतः एक अख्खा दिवस भारावल्यासारखी फिरत होते. तिकडे उत्तरेला फिनलंड नावाचा देश आहे. हिवाळ्यात तिथे सूर्य नावालाच उगवतो. साठेक वर्षांपूर्वी तिथल्या डॉक्टरांनी एका वर्षात जन्मलेल्या दहा हजारांवर बाळांची नोंद केली. आयांना विचारलं, बाळाला ‘ड’ जीवनसत्त्व देता का? कुणी म्हणाली रोज देते, कुणी म्हणाली आठवलं तर, कुणी म्हणाली नाही. लिहून ठेवलं आणि वाट बघितली. किती, तर तीस वर्षं. बाळं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, काही आया वारल्या. मग त्या वह्या उघडून बघितलं. ज्या बाळांना पहिल्या वर्षी ते नेमाने मिळालं होतं, त्यांच्यात ही लहानपणची साखर बरीच कमी दिसली.

आत्या, विचार कर. एका आईने बाळाला कडेवर घेऊन दिलेलं एका ओळीचं उत्तर, आणि त्याचा अर्थ कळायला तीस वर्षं. एवढा धीर माणसात असतो? मी तर भाताची शिट्टी होईपर्यंत दोनदा उठते.

आता खरं तेही सांगते. दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. नंतरच्या अभ्यासांत कुठे जुळलं, कुठे नाही. खात्रीचा उपाय अजून कुणाच्या हाती नाही.

आणि हे जीवनसत्त्व म्हणजे कुठलं दुर्मिळ औषध वाटतंय का तुला? ऊन अंगावर पडलं की आपली कातडीच ते बनवते. कणभर लागतं, पण त्यावाचून हाड उभं राहत नाही. तू गुडघ्यासाठी आठवड्याला पुडी घेतेस ना, तिच्यात तेच असतं. तुझ्या गुडघ्यात आणि फिनलंडच्या पाळण्यात एकच वस्तू. मला तर अंगावर काटा आला.

पूर्णिमाच्या पायाच्या अंगठ्याला माझा पापा दे.

तुझी,
पारू

*

निपाणी
६ ऑगस्ट २०२४

चि. पारूस,

जय भीम.

तुझं पत्र मी उशीखाली ठेवलंय. त्या परदेशातल्या बायांचं वाचून मला बिडीच्या कारखान्यातल्या माझ्या पंगतीतल्या बाया आठवल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी पोर झोपलेलं. वाऱ्याने तंबाखू उडते म्हणून दारं-खिडक्या बंद. आमच्या पोरांच्या वाटचं ऊन दारातूनच परत जायचं. कुणी वही घेऊन विचारायला आलं असतं तर काय सांगितलं असतं आम्ही?

असो. आता मन हलकं आहे. प्रिया शाळेत जायला लागली. सकाळी दूध काढून वाटीत झाकून ठेवते, काय-काय ताकदीचे थेंब द्यायचे ते स्वतः देते आणि पळते. मग आम्ही दोघीच. मी बोलते, ती बघते. तिलाही माझ्याइतकंच ऐकू येत असावं, कारण कितीही बोलले तरी कंटाळत नाही.

तुला आकडा माहीत नसेल, चाळीस वर्षं मी दिवसाला हजार बिड्या वळल्या. पान कापायचं, चिमूट भरायची, वळायचं, दोरा घालायचा, तोंड मोडायचं. चेकर सुपातून मूठभर बिड्या उचलून बघायचा. एखादी जाड, एखादी रिकामी निघाली की बाजूला काढायचा, त्याला छाट म्हणायचे. माझ्या सुपातली छाट त्याने कधी काढली नाही. एकदा मुद्दाम काट्यावर घातल्या माझ्या दहा बिड्या, तर दहाच्या दहा एका वजनाच्या. “गुणाबाई, तुमच्या बोटात तराजू हाय,” म्हणाला. अजून आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

एक विचारायचं होतं. ती गुडघ्याची पुडी दुधात चांगली उतरते की पाण्यात? डॉक्टरांनी दूध सांगितलं होतं, मी पाण्यातच घ्यायची.

माझी काळजी करू नकोस. मी माझं काम करते आहे.

तुझी,
गुणाआत्या

*

वडगाव, बेळगाव
१२ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,

जय भीम.

दुधातच घे. ही वस्तू पाण्याशी फटकून वागते आणि तुपाशी तिचं सूत जमतं. दुधात स्निग्धता असते, त्यामुळे अंगी लागते. गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून भिंतीला धरतेस का?

बिड्यांचं वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे रक्त मोजायच्या यंत्राला महिन्यातून दोनदा तपासावं लागतं, नाही तर ते खोटं बोलायला लागतं. तुझ्या बोटांना चाळीस वर्षांत कुणी तपासलं नाही, हे यंत्राला सांगणार आहे.

इथे पावसाने आठ दिवस दम घेऊ दिला नव्हता. आज ऊन पडलं. शेजारच्या बाईंनी मागावरून उतरवलेलं लुगडं गच्चीवर उलगडलं आणि मी नुसती त्या उन्हाकडे बघत उभी राहिले. इतक्या लांबून येतं, आठ मिनिटांत पोचतं, माणसाच्या कातडीवर पडतं आणि आत जाऊन हाड होतं. शाळेत शिकलो तेव्हा नुसते मार्क मिळवले. आता बघते तेव्हा मान झुकते.

कामं फार आहेत, म्हणून एवढंच.

तुझी,
पारू

*

निपाणी
२९ ऑगस्ट २०२४

पारू,

हे पत्र वाचून आधी बसून घे.

पूर्णिमाला साखर आली आहे असं मला वाटतं. आठ दिवस बघते आहे. दूध, पाणी, काहीही तोंडाशी नेलं की अधाशासारखी पिते. दुपट्यावर दुपटी ओली होतात, वाळत घालायला दोरी पुरत नाही. मग ओकते. चार-चार दिवस शी होत नाही. आधी मला बघितलं की पाय झाडायची, आता नुसती पडून असते, मान पण उचलत नाही. सगळं सौरवसारखं. तेव्हाही सुरुवात अशीच झाली होती.

प्रियाला वाटतं, आता वरचं दूधही सुरू केलं, ते बाधलं म्हणून पोट बिघडलं. बुद्धप्रिय म्हणतो, दात येत असतील. तीन महिन्यांच्या बाळाला कुठले दात? पण मी गप्प बसते. खरं सांगितलं तर प्रियाचं काय होईल? एकाच्या सुया मोजता-मोजता ती अर्धी झाली आहे.

काल सौरवच्या मशीनवर मी पूर्णिमाच्या टाचेचं रक्त घेतलं. आकडा आला ब्याण्णव. सौरवला हा आला की आम्ही पेढे वाटू. मशीन बिघडलंय, दुसरं काय? नाही तर बाळाचं रक्त त्याला कळत नसेल.

आता तुझ्यापासून लपवलेलं सांगते. तुझं ते पत्र आलं त्याच्या चौथ्या दिवसापासून मी माझी पुडी तिला देते आहे. सगळी नाही, मी वेडी नाही. मला एक पुडी आठ दिवसांना, मग तिलाही एक पुडी आठ दिवसांना पुरवली. रोज बिडीच्या चिमटीहून बारीक चिमूट, चमचाभर दुधात. पुड्या मेडिकलमध्ये मिळतात, गुडघ्याचं नाव सांगितलं की झालं. एक दिवस चुकवला नाही. त्या बायांनी नेमाने दिलं म्हणालीस ना, मीही नेमाने दिलं.

पण आमच्या घरची साखर हट्टी दिसते. म्हणून पाच दिवसांपासून एकाच्या दोन चिमट्या केल्या आहेत. बुडत्याला काडीचा आधार. अजून वाढवू का, तेवढं लगेच कळव.

आत्या

*

बेळगाव, हॉस्पिटलातून
३ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,

काल तुझ्या घरात काय वादळ आलं असेल, ते मला दिसतंय. बुद्धप्रियदादा बसच्या डेपोतून काम टाकून धावत आला, बाळाला उचललं, वहिनी शाळेच्याच साडीत जीपमध्ये बसली, आणि तुला कुणी धड काही सांगितलं नाही. सौरवच्या सुया तुझ्या हाती म्हणून तुला मागे ठेवलं. आता मी सांगते. सगळं सांगते, काही झाकणार नाही.

पूर्णिमाला साखर नाही. मशीन बरोबर होतं.

तुझं पत्र काल दुपारी जेवायला घरी आले तेव्हा दाराच्या फटीत होतं. “दोन चिमट्या” वाचलं आणि मी दादाला फोन लावला. साडेतीनला ती सगळी इथे पोचली. पूर्णिमाच्या दंडातून अर्धा चमचा रक्त काढलं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तशी ती परीक्षा मीच लावली. रक्तात चुना असतो आत्या, कॅल्शियम. तो दहाच्या आसपास असावा लागतो. तिचा पंधराच्या वर होता.

‘ड’ जीवनसत्त्व हे चुन्याचं दार उघडतं. हवं तेवढंच उघडलं तर हाड बनतं. सताड उघडं राहिलं तर चुना रक्तात साठतो, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि मग लघवी जास्त, तहान जास्त, ओकारी, शी बंद, मान गळालेली. तू बघितलंस ते सगळं खरं होतं. नाव चुकलं. जे औषध जास्त झालं होतं, तेच तू दुप्पट केलंस.

तान्ह्या बाळाला दिवसाला चारशे एकक पुरे. तुझ्या पुडीत साठ हजार. म्हणजे त्या एका पुडीत तिची दीडशे दिवसांची बेगमी होती, आणि ती तिला आठ दिवसांत मिळत होती. आणि वहिनी सकाळी जे ताकदीचे थेंब द्यायची ना, ते हेच होतं, चारशेचं. जन्मापासून तिला हवं ते हवं तेवढं मिळत होतं. फिनलंडच्या आयांनी केलं, ते तुझी सून गुपचूप रोज करत होती.

मी हे वहिनीला सांगितलं. सांगावंच लागलं, डॉक्टरांना उपचार करायचे होते. ती नुसती सलाइनच्या थेंबांकडे बघत राहिली.

पण आत्या, माझाही हात त्या पुडीत आहे. ‘तुझ्या पुडीत तेच असतं’ हे वाक्य माझं. ‘कणभर’ हा शब्दही माझा. मी इतकी भारावले होते की तीस वर्षांची गोष्ट सांगितली आणि माप सांगायला विसरले. रोज जिच्या हातून आकडे जातात तिने आकडाच लिहिला नाही. तू दुधाचं विचारलंस तेव्हाही मला तुझा गुडघाच दिसला. हेही मी वहिनीला सांगितलं आहे.

सलाइन चालू आहे. धोका टळला असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत. उद्या परत रक्त बघू.

पारमिता

*

निपाणी
७ सप्टेंबर २०२४

पारू,

बुद्धप्रिय येऊन कपडे घेऊन गेला. त्याने पाटीवर लिहून दाखवलं, बरी आहे. किती बरी, ते लिहिलं नाही. मी विचारलं नाही.

मी पुडी परत बघितली. वर साठ हजार लिहिलेलं आहे. मला आकडे येतात, ते मी आधीही वाचलं होतं. मला वाटलं, कंपनीचा काही नंबर असेल. सौरवच्या पेनाचा आकडा मी तीन वेळा बघते पारू, आणि ह्या पुडीला बोटाने मापलं. अति तिथे माती हे मी दुसऱ्यांना सांगत आले.

सौरवला सगळं कळलंय. पोरांपासून काय लपतं? काल दुपारची सुई देऊन झाली तर माझ्याजवळ येऊन तोंडासमोर तोंड आणून मोठ्याने म्हणाला, “आजी, मी ल्हान हुतो तवा मला का न्हाय दिलीस ती पावडर?” म्हटलं, “मला ठावं नव्हतं रं.” तो म्हणाला, “ठावं असतं तर दिली असतीस?” मी म्हटलं, “व्हय.” त्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. त्याला राग आला की बरं वाटलं, मला कळलं नाही.

माझा हात तिला लावू देतील का, हे मी विचारत नाही. विचारायचा हक्क गेला. ती हसली का, तेवढं मात्र कळव.

आत्या

*

वडगाव, बेळगाव
१५ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,

सप्रेम जय भीम.

हसली. परवा सकाळी हसली. मी सुई घेऊन गेले होते, आणि माझ्याकडे बघून हसली. सुईवाल्याला बघून हसणारं बाळ आमच्या वॉर्डात अजून कुणी बघितलं नव्हतं. नर्सबाई दुसऱ्या नर्सबाईंना बोलावून घेऊन आल्या.

चुना अकराच्या खाली आला. मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली, दोन्ही नीट आहेत. उद्या घरी सोडतील. ते जीवनसत्त्व चरबीत साठून राहतं आणि उतरायला महिने लागतात, म्हणून तोवर वहिनीचे थेंबही बंद. तपासणीसाठी त्यांना दर महिन्याला इथे यावं लागेल. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. किती वेळेवर, ते मी विचारलं नाही. तू ते पत्र टाकलं नसतंस तर आणलं नसतं, एवढं मला माहीत आहे आणि ते मी दादाला दोनदा सांगितलं.

सौरवला सांग, ते मिळालं असतं तरी त्याची साखर टळलीच असती असं जगातला कुणीही डॉक्टर सांगू शकत नाही. कुणाचं काही राहून गेलं नाही. त्याला हे मी स्वतः येऊन सांगेन, पण तोवर तू सांग.

या दिवसांत मला एक गोष्ट सारखी छळते आहे. चारशे एकक म्हणजे वजनाने किती, हे मी शिकले होते, पण कधी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. काल भाजीत मीठ घालताना हिशेब केला आणि हात तसाच थांबला. बारीक मिठाचा एक कण घे. एकच. त्याचे सहा भाग कर. त्यातला एक भाग म्हणजे बाळाचं दिवसाचं माप. तेवढ्यावर तिची पाठ सरळ होते, पाय उभे राहतात, दात येतात. त्याहून कमी पडलं तर हाड वाकतं. फार जास्त झालं तर काय होतं, ते आपण बघितलं.

तुझी बोटं खोटी नव्हती आत्या. पण ही वस्तू बोटांच्या राज्यातली नाही. बिडीची चिमूट तिच्यापुढे डोंगर आहे. मी रोज असली मापं यंत्रातून काढते आणि संध्याकाळी पर्स उचलून घरी येते. आता येता येणार नाही तशी. भीतीही वाटते आणि हात जोडावेसेही वाटतात.

वहिनी तुझ्याशी लगेच बोलणार नाही. तू तिला घाई करू नकोस.

तुझी,
पारू

*

निपाणी
१६ मार्च २०२५

चि. पारूस,

गुणाआत्याचा जय भीम.

सहा महिने मी तुला पत्र लिहिलं नाही. तू दोनदा येऊन गेलीस, सौरवशी बोललीस, माझ्या शेजारी बसलीस, तरी लिहायला काही नव्हतं. आज आहे.

आधी मिठाचं सांगते. तुझं पत्र वाचून मी आणि सौरवने त्याच्या पाटीवर मिठाचा एक कण ठेवला. काळ्या पाटीवर तो एवढासा, चांदणीसारखा. सौरवने ब्लेडने त्याचे दोन केले. मग एकाचे दोन. मग अजून करायला गेला तर कण दिसेना. मी म्हटलं, गेला कुठं? तो म्हणाला, “आजी, तू श्वास सोडलीस न्हवं का, त्यात उडाला.” आम्ही दोघंही त्या रिकाम्या पाटीकडे बघत बसलो. श्वासाने उडून जाईल एवढ्यावर माणूस उभा राहतो. साठ-पासष्ट वर्षं जगले पारू, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता कुणी काही खायला दिलं तरी मी आधी हातात धरून बघत बसते. प्रियाला वाटत असेल, म्हातारी चळली.

प्रिया माझ्याशी वाईट वागली असं मी म्हणणार नाही. जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर, साडी धुतलेली. फक्त शाळेत जाताना बाळ शेजारच्या शालूबाईंकडे ठेवायची. मी अंगणात बसायची. त्यांच्या खिडकीतून पूर्णिमा दिसायची. ती रांगायला लागली ते मी कुंपणावरून बघितलं. रडली तर मला ऐकू यायचं नाही, पण तोंड उघडलेलं दिसायचं. तेव्हा मी हात मांडीखाली दाबून धरायची. बुद्धप्रिय एकदा प्रियाशी माझ्या बाजूने बोलायला गेला, मीच त्याला अडवलं. दुधाने तोंड पोळलेली बाई ताक फुंकून पिणारच, त्यात तिचं काय चुकलं?

सौरवच्या सुया मात्र तिने माझ्याकडून कधी काढून घेतल्या नाहीत. हे मला बरेच दिवसांनी ध्यानात आलं.

गेल्या सोमवारी बुद्धप्रिय आणि प्रिया पूर्णिमाला घेऊन तपासणीला तुझ्याकडे आली होती. रक्तातलं माप उतरलं, थेंब परत चालू करा असं डॉक्टरांनी सांगितलं, ते तुला माहीतच आहे. पूर्णिमाला पुढे साखर होईल का, तेही प्रियाने त्यांना विचारलं म्हणे. ते म्हणाले, सांगता येत नाही. तुझ्या त्या तीस वर्षांच्या वह्या मला आठवल्या. मी काही तोवर नाही. पण असल्या एखाद्या वहीत हिच्या नावापुढची पहिली ओळ तरी नीट लिहिली जावी.

मंगळवारी सकाळी मी सौरवची वही बघत बसले होते. प्रिया आली. कडेवर पूर्णिमा, हातात ती थेंबांची बाटली. माझ्यासमोर बसली आणि मला ओठ दिसतील असं सावकाश म्हणाली, “आई, चष्मा लावा.”

मी लावला.

बाटली पुढे धरली. “काय लिव्हलंय, वाचा.”

मी वाचलं. एका मिलीत चारशे.

“आनि खूण कुठं हाय?”

नळीवरची काळी रेघ मी नखाने दाखवली. मग तिने पूर्णिमाला माझ्या मांडीवर ठेवलं. सहा महिन्यांत पोर केवढी जड झाली आहे. बाटली माझ्या उजव्या हातात दिली, नळी डाव्या हातात. मला वाटलं, आता समोर बसून बघेल. बघावंच तिने. पण ती उठून स्वयंपाकघरात गेली.

मी थेंब रेघेपर्यंत ओढला. एकदा बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं. सौरवला म्हटलं, तू बघ. तो म्हणाला, “रेघंवर हाय, आजी.” तिसऱ्यांदा मी परत बघितलं. हजारात एक छाट न देणारा हात पारू, त्या एका रेघेवर लटलट कापत होता. मला लाज वाटली नाही. कापायलाच हवा होता तो, आधीपासून.

पूर्णिमाने स्वतःच तोंड उघडलं. थेंब गेला. तिने ओठ मिटले, माझं बोट तोंडात ओढलं आणि नव्या दोन दातांनी चावली. चांगलंच दुखलं. कणाच्या सहाव्या हिश्श्याने एवढी धार येते.

मी मान वर केली. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. प्रिया चुलीपाशी भाकरी थापत होती, माझ्याकडे पाठ करून. तिने एकदाही वळून बघितलं नाही.

तुझी,
गुणाआत्या